वीसपैकी वीस

हा संवाद मी रचला आहे. बोलणारी माणसं दोन. एक तालुक्याच्या गावातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवणारी वर्गशिक्षिका. दुसरे तिचेच एकेकाळचे गणिताचे सर, त्याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. माणसं कल्पित असली तरी त्यांचे प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत कानावर पडतील असे आहेत. मला या वादात कुठलीच एक बाजू पूर्ण पटत नाही, म्हणून दोघांना बोलू दिलं आहे. जिथे गप्प बसवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

शाळेला येत्या जूनपासून 'सद्वर्तन योजना' सुरू करायची आहे. कच्चा आराखडा शिक्षिकेने लिहिला आहे. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता अशा मूल्यांना दर महिन्याला प्रत्येकी दहा गुण, सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचं नाव फळ्यावर, आणि वर्षाअखेरीस स्नेहसंमेलनात आदर्श विद्यार्थ्याला ढाल. तो आराखडा घेऊन ती सरांच्या घरी आली आहे.

सर: वाचलं गं. मेहनत दिसते त्यात. पण मला एक सांग, हे गुण देणार कोण?

शिक्षिका: वर्गशिक्षक, दर शनिवारी.

सर: आणि साठ मुलांच्या वर्गात अमक्याची सौजन्यशीलता दहापैकी सात आणि तमक्याची आठ, हे शनिवारी बसून कसं ठरवणार?

शिक्षिका: काटेकोर नाही ठरणार, मला मान्य आहे. पण माझी अडचणही बघा ना. शाळेत ज्या मुलाला ऑफिसात बोलावतात, त्याने काच फोडलेली असते, मारामारी केलेली असते किंवा त्याच्या दप्तरात मोबाइल सापडलेला असतो. घरी पत्र जातं ते तक्रारीचंच. माझ्या वर्गातली एक मुलगी पायाने अधू असलेल्या मैत्रिणीचं दप्तर रोज दुसऱ्या मजल्यावर नेते. वर्षभर नेतेय. कुणी सांगितलेलं नाही. तिची नोंद कुठेच नाही, सर. वाईट वागण्याची नोंद ठेवायला आपल्याकडे वही आहे, चांगलं वागलेल्यासाठी साधा कागदही नाही.

सर: हे तुझं अगदी खरं. आता त्या मुलीला दहापैकी दहा दे आणि तिचं नाव फळ्यावर लिही. पुढच्या महिन्यात त्या दप्तराला चार हात लागतील.

शिक्षिका: लागू देत की! दप्तर वर जाण्याशी मतलब.

सर: दप्तर जाईल. पण ज्या मुलीचं ते दप्तर आहे तिचा विचार कर. आजवर तिला एक मैत्रीण होती. तुझी योजना सुरू झाली की ती इतरांना गुण मिळवून देणारी सोय होईल. तिला ते कळेलही. चौदा वर्षांच्या मुलीला असल्या गोष्टी आपल्याआधी कळतात.

शिक्षिका: हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण म्हणून बक्षीस मुळातच वाईट, असं नाही ना होत?

सर: स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एक प्रयोग केला होता, १९७३ साली तो प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर तेच पत्र दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. काही दिवसांनी तीच रंगीत पेनं वर्गात नुसती मांडून ठेवली, तर ज्यांना बक्षिसाची लालूच आधी दाखवली होती ती मुलं त्या पेनांकडे कमी वळली.

शिक्षिका: बी.एड.ला होता आम्हाला हा प्रयोग. यातल्या दोन गोष्टींवरून तुम्ही भरकन पुढे गेलात. एक म्हणजे ती मुलं आधीच चित्रवेडी होती. माझ्या नववीतल्या मुलांना वर्ग स्वच्छ ठेवायचं वेड नाही. जी आवड मुळात नाहीच, ती बक्षिसाने कमी कशी होणार? आणि दुसरं, ज्यांना न सांगता पत्र दिलं, त्यांची आवड कमी झाली नव्हती.

सर: दुसरं बरोबर पकडलंस. मग तुझी योजना त्या मुलांसारखी कर. आधी काही जाहीर करू नकोस, फळ्यावर नाव नको, गुण तर नकोतच. दिसलं की त्या दिवशी घरी चिठ्ठी पाठव. 'आज तुमच्या मुलाने सायकलवरून पडलेल्या पाचवीतल्या मुलाला दवाखान्यात नेलं, मला ते फार आवडलं.' काय केलं ते नेमकं लिहायचं आणि खाली सही.

शिक्षिका: शाळेची चिठ्ठी म्हटल्यावर वाचायच्या आधीच मुलाच्या पाठीत धपाटा बसेल, सर. आमच्याकडे पालकांना तेवढंच माहीत आहे.

सर: पहिल्या वेळी बसेल. दुसऱ्या वेळी बाप आधी वाचेल.

या चिठ्ठीबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत. आपल्या शाळांमध्ये पालकांशी होणारा जवळजवळ सगळा व्यवहार फी, निकाल आणि तक्रार या तीन कारणांनी होतो. मजुरीवर जाणाऱ्या आईला शाळेत बोलावणं आलं की तिचा एक खाडा पडतो आणि वर चारचौघांत मान खाली घालावी लागते. तिच्या हातात कधी एक चांगली चिठ्ठी पडली, तर मुलाबद्दल घरात वेगळं काही बोललं जाईल. त्यासाठी पैसे लागत नाहीत, शिक्षकाने मुलांकडे लक्ष देऊन बघावं मात्र लागतं. साठ मुलांकडे तसं बघणं सोपं नाही, हे मी जाणून आहे.

शिक्षिका: चिठ्ठी ठेवते. पण श्रमप्रतिष्ठेचं काय करू? ते मूल्य चिठ्ठीने येणार नाही.

सर: तुझ्या वर्गात झाडू कोण मारतं?

शिक्षिका: पाळीने मारतात.

सर: खरं सांग.

शिक्षिका: मुली झाडतात, मुलं बाकं सरकवतात. पाळीचा तक्ता भिंतीवर आहे, पण होतं ते असं. आणि उशिरा आलेल्यांना मैदानातले कागद उचलायला लावतात.

सर: म्हणजे सकाळी परिपाठात श्रमप्रतिष्ठा आणि त्यानंतर पाच मिनिटांत श्रम हीच शिक्षा. आता मूल यातलं काय घेऊन घरी जाईल ते तूच ठरव. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसत. स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम, सगळं मुलांच्याच हातचं. १९२७ साली गांधीजी ते बघून गेले. समतेची भाषणं तिथेही झाली असतीलच, पण दुसऱ्या जातीच्या मुलाने थापलेली भाकरी रोज पोटात जात असेल तर भाषणाला उरतं काय?

शिक्षिका: ते वसतिगृह होतं, सर. माझी मुलं पाच वाजता घरी जातात. आणि आणखी एक आहे, जे तुम्हाला कुणी तोंडावर सांगणार नाही. शाळेने मुलांकडून स्वच्छतागृह धुवून घेतलं तर दुसऱ्या दिवशी पालक गेटवर येतात. आपण म्हणतो, बघा यांना श्रमाची लाज वाटते. पण त्यातली एखादी आई अशी असते, जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी झाडूच दिला. त्यातून सुटावं म्हणून तिने मुलाला शाळेत घातलं. त्याच शाळेने त्याच्या हातात झाडू दिलेला तिला बघवत नाही. तिला मी काय श्रमप्रतिष्ठा शिकवू?

सर: तिला काही शिकवू नकोस. तिच्या मुलाच्या आधी झाडू कुणी धरला होता, एवढं तिला दिसू दे. पाळी हजेरी क्रमांकाने लाव, मुलगा-मुलगी न बघता, आणि पहिल्या दिवशी वर्गशिक्षक. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक. स्वच्छतागृह सफाई कामगाराच्या पगारात बसत असेल तर ते त्याचं काम, त्याला नीट हातमोजे आणि वेळेवर पगार मिळतो का ते शाळेने बघावं. आणि शिक्षा म्हणून झाडू कधीच नाही. ही एवढी गोष्ट उद्यापासून बंद होऊ शकते, तिला बैठकही लागत नाही.

शिक्षिका: मी झाडीन. मुख्याध्यापकांचं मी नाही सांगू शकत.

सर: बघ, मूल्यं उपदेशाने येत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयात मुलं वर्गात गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडून ठेवत, कपडे धुवून ठेवत. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. हळूहळू मुलांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि खोल्या स्वच्छ राहू लागल्या.

शिक्षिका: आता मात्र मी थांबवते तुम्हाला. गुरुजी बोलले नाहीत? सर, मराठीत मुलांशी गुरुजींइतकं कोण बोललं आहे? त्या छात्रालयातसुद्धा ते मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिची रचनाच अशी, की रोज रात्री श्याम सांगतो आणि बाकीचे ऐकतात. अमळनेरच्या खोल्या झाडताना गुरुजींना बघितलं ते फार तर शे-दोनशे मुलांनी. माझ्यापर्यंत ते कसे आले? शब्दांतून आले. तुमच्यापर्यंतही त्यांचा झाडू गोष्ट होऊनच आला ना?

सर: आला खरा.

शिक्षिका: मग शब्दांना कमी लेखू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या पोटात काय काय ढवळत असतं. मित्राला सगळे चिडवत असताना आपणही हसलो, याची त्याला रात्री लाज वाटते. पण त्या लाजेचं काय करायचं हे त्याला माहीत नसतं. मग तो दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्याने हसतो. वर्गात एखादी गोष्ट वाचली, तिच्यातला मुलगाही तसाच हसला आणि पुढे त्याने काहीतरी केलं, हे त्याच्या कानावर पडलं, की त्याला वाट दिसते. मी हे बघितलं आहे. धडा संपल्यावर कुणी काही बोलत नाही, पण निबंधाच्या वहीत चार ओळी येतात.

सर: परिपाठातल्या बोधकथांनी हे होतं?

शिक्षिका: नाही होत. कारण आपण गोष्टी वाईट निवडतो. प्रत्येक गोष्टीत प्रामाणिक माणसाला शेवटी इनाम. लाकूडतोड्या खरं बोलला म्हणून त्याला सोन्याची कुऱ्हाड मिळाली. नववीतल्या मुलाने घरी वेगळंच पाहिलेलं असतं. बापाने वजनात मारलं नाही आणि शेजारचं दुकान मोठं झालं. ज्या गोष्टीत खरं बोलणाऱ्याचं नुकसान होतं आणि तरी तो खरंच बोलतो, अशी गोष्ट मुलांना सांगायला आपल्याला भीती वाटते. मी या वर्षी तशाच गोष्टी सांगणार आहे.

या मुद्द्यावर मी शिक्षिकेच्या बाजूचा आहे, आणि सरांनी इथे लवकर माघार घेतली याचं मला बरं वाटलं. चांगुलपणा फायद्याचा असतो असं सांगत राहिलं, की फायदा दिसला नाही त्या दिवशी मुलाने चांगलं का वागावं याला उत्तर राहत नाही. परिपाठाची वेळ मोडीत काढण्याची गरज नाही. रोज वेगळ्या मुलाने सगळ्या शाळेसमोर उभं राहून थरथरत्या आवाजात चार वाक्यं बोलणं, यातही त्या मुलाची वाढ आहे. फक्त त्या वाक्यांत खोटं नको.

सर: शब्दांचं मी मान्य करतो. आता मला एक विचारू दे. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तू किती देतेस?

शिक्षिका: ते कशाला मध्ये आणता?

सर: चारित्र्याचं बोलतो आहोत ना?

शिक्षिका: अठरा, एकोणीस, वीस. सगळेच देतात.

सर: तोंडी परीक्षा होते?

शिक्षिका: होते. म्हणजे आठ-दहा मुलांची नीट होते. मग वेळ संपतो, बोर्डाची तारीख आलेली असते, बाकीचे गुण तक्त्यात भरतो.

सर: मुलांना हे माहीत असतं?

शिक्षिका: त्यांना सगळं माहीत असतं.

सर: दहावीचं मूल म्हणजे सोळा वर्षांचं. पुढच्या दोन वर्षांत मतदार होणार. ज्या शिक्षकांनी त्याला पहिलीपासून खरं बोलायला सांगितलं, ते त्याच्या देखत, न झालेल्या परीक्षेचे गुण कागदावर लिहितात, त्याखाली सही करतात आणि बोर्डाला पाठवतात. तोही खूश, घरचेही खूश. दहा वर्षांच्या मूल्यशिक्षणावर ही एक दुपार पुरते. माझ्या मते आपल्या शाळा मुलांना चारित्र्य शिकवतात ते इथे, आणि फार परिणामकारक शिकवतात.

इथे थोडी आकडेवारी हाताशी असावी. दहावीच्या विषयाला ऐंशी गुणांची लेखी परीक्षा बोर्ड घेतं, वीस गुण शाळेच्या हातात असतात, आणि उत्तीर्ण व्हायला दोन्ही मिळून पस्तीस लागतात. म्हणजे शाळेने अठरा दिले की लेखीत ऐंशीपैकी सतरा पुरतात. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. त्यानंतर भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण काढून घेतले आणि २०१९ साली निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पालक आणि शाळा दोघांनीही ओरड केली, गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. सगळी चढउतार या गुणांमुळेच झाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१९ला अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेचं रूपही बदललं होतं. २०२०ला कोविडमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. तरीही वीस गुण गेल्यावर सर्वांत जास्त घाबरलं कोण, हे आठवावं. ओरडणाऱ्यांत मोठी माणसं होती.

शिक्षिका: तुम्ही आता निवृत्त आहात, सर, म्हणून हे बोलणं सोपं जातंय. मी उद्या खरे गुण देते. माझ्या एका हुशार पण लाजाळू मुलाला तोंडीत अकरा देते. शेजारच्या गावच्या शाळेत त्याच्याच तोडीच्या मुलाला न विचारता वीस मिळतात. अकरावीच्या प्रवेशाच्या यादीत माझा मुलगा त्या नऊ गुणांनी खाली जातो. त्याच्या बापाला रोज एसटीचं भाडं परवडणार नाही असं लांबचं कॉलेज त्याला मिळतं. माझ्या प्रामाणिकपणाचे पैसे त्याने का भरावेत? खरेपणाची हौस मला, आणि किंमत त्याला? याला तुम्ही चारित्र्य म्हणता?

सर: नाही म्हणत. तुझा प्रश्न बिनतोड आहे.

शिक्षिका: मग?

सर: मी गुण कमी कर म्हणत नाही. ते गुण ज्या कामाचे आहेत ते काम करून घे. तोंडी परीक्षा फेब्रुवारीत का घेतेस? जुलैत सुरू कर. रोज चार मुलं, एक तासिका. साठ मुलं पंधरा दिवसांत होतात. एखाद्याला कविता पाठ म्हणता येईल, एखादा गावातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलून येईल आणि ते वर्गात सांगेल. लाजाळू मुलाला पहिल्यांदा अकरा मिळाले, तर सांग त्याला, अकरा पडलेत, ऑगस्टमध्ये पुन्हा ये. मग सप्टेंबरमध्ये पुन्हा. फेब्रुवारीपर्यंत तो अठरावर येईल. मुलाला वीसपैकी वीस मिळू देत ना, पण त्याने ते कमावलेले असू देत.

शिक्षिका: आणि एखादा आलाच नाही? पाचही वेळा नाही आला?

सर: त्याला जेवढे पडले तेवढे दे. तिथे धीर लागेल. संस्थेतून फोन येईल, पालक येतील. पण साठांतले अठ्ठावन्न तुझ्या बाजूने असतील, कारण त्यांनी स्वतःचे कमावलेले असतील.

शिक्षिका: लेखी परीक्षेचं मात्र असं नाही करता येत. भरारी पथकं, बैठी पथकं, दर वर्षी कॉपीमुक्त अभियान, तरी काही केंद्रांवर भिंतीवरून चिठ्ठ्या येतात. आमच्या मुलांचा प्रश्न वेगळाच आहे. ती म्हणतात, मॅडम, शेजारच्या बाकावरचा लिहीत असेल तर मी एकट्याने का नापास व्हायचं?

सर: ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच तपासलं होतं. १९२८ ते १९३० या काळात त्यांचे तीन ग्रंथ आले. दहा हजारांहून अधिक मुलांना अशा परिस्थितीत ठेवलं, की फसवणूक करणं सहज शक्य आहे, पण मोजणाऱ्याला ती कळेल. उदाहरणार्थ, आपला पेपर आपणच उत्तरपत्रिका बघून तपासायचा. दिसलं असं, की मुलं प्रामाणिक आणि लबाड अशा दोन ढिगांत पडत नाहीत. वर्गात फसवणारा खेळात फसवत नाही, खेळात फसवणारा घरी खरं बोलतो. बरोबर काय ते माहीत असणं आणि तसं वागणं यांचा मेळ फारच थोडा. आणि एका वर्गातल्या मुलांचं वागणं एकमेकांच्या वळणाने जातं.

शिक्षिका: म्हणजे चारित्र्य नावाची गोष्ट नसतेच? मग आपण कशाला बोलतोय?

सर: असते. पण या वयात ती जितकी मुलाची असते तितकीच त्याच्या वर्गाचीही असते. म्हणून एकेका मुलाला आदर्श ठरवण्यापेक्षा वर्गाची रीत बदलायला मी आधी हात घालीन. एखादी घटक चाचणी पर्यवेक्षकाशिवाय घे. पेपर वाटून वर्गाबाहेर पड.

शिक्षिका: काय होईल सांगू? वीस जण बघून लिहितील, त्यांना सतरा-अठरा पडतील. जी मुलगी खाली मान घालून आपलं आपण लिहील तिला बारा. पेपर वाटताना तिला कळेल की मूर्ख तीच होती. तुमच्या प्रयोगाने त्या एका मुलीचा विश्वास मोडेल, आणि मला वर्गातल्या सगळ्यांपेक्षा तिचीच काळजी आहे.

सर थोडा वेळ बोलत नाहीत. प्रामाणिकपणाच्या योजना आखणारे आपण बहुतेक जण लबाड मुलाला सुधारण्याचाच विचार करतो. आधीच सरळ वागणाऱ्या मुलाला त्या सरळपणाची रोज काय किंमत मोजावी लागते, त्याचा हिशेब कुणी करत नाही. आपलं पहिलं देणं त्या मुलाला लागतं, असं मला वाटतं.

सर: मग त्या चाचणीचे गुण कुठेच धरू नकोस. निकालपत्रकात नाही, वहीत नाही. आधीच सांग, हा पेपर तुम्हाला काय येत नाही ते मला कळावं म्हणून आहे. ज्याला जे येणार नाही ते मी पुन्हा शिकवणार. बघून लिहिलं तर मिळणार काही नाही, उलट पुन्हा शिकायची संधी जाईल. लाभच नसेल तर बघायचं कशाला? अशा चार-पाच चाचण्या होऊ देत. मग मुलांनाच विचार, गुण धरायच्या चाचणीतही मी बाहेर थांबू का? नाही म्हणाली तर नाही.

शिक्षिका: त्यांनाच विचारू?

सर: मानसशास्त्रज्ञ पियाजेने १९३२च्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या मुलांच्या गोट्यांच्या खेळाबद्दल लिहिलं आहे. लहान मुलं म्हणतात, नियम मोठ्यांनी घातलेत, ते बदलता येत नाहीत. अकरा-बारा वर्षांची झाली की म्हणतात, आपण सगळ्यांनी ठरवलं तर नियम बदलता येतो. आणि तेव्हापासून ती नियम जास्त नीट पाळू लागतात. आपण मात्र पंधरा वर्षांच्या मुलाला शिस्तीची पाटी रंगवून देतो आणि खाली 'आज्ञेवरून' लिहितो.

शिक्षिका: हे मी करून बघेन, पण नववीत. दहावीत नाही, दहावीचं वर्ष माझं नसतंच. आता मला तुम्हाला एक दाखवायचं आहे. आपल्या शाळेतली तक्रार पेटी कुठे होती, आठवतं?

सर: ऑफिसच्या दाराशी. माझ्याच काळात लावली.

शिक्षिका: दाराशी शिपाई बसतो, समोर शिक्षक-खोली. तिच्यात चिठ्ठी टाकताना शंभर डोळे बघायचे. गेल्या वर्षी एका मुलीचा फोटो मोबाइलवर काहीतरी करून वर्गाच्या ग्रुपवर फिरवला. चाळीस मुलांनी तो बघितला, चार दिवस एकानेही सांगितलं नाही. तिच्या आईकडून आम्हाला कळलं. मी वर्गात विचारलं, का नाही सांगितलंत? एक मुलगा म्हणाला, मॅडम, मित्राला कसं अडकवू? तो काही वाईट मुलगा नाही, सर. या वयात मैत्री सोडून दुसरं मोठं काही नसतं. मैत्री आणि त्या मुलीची अब्रू यांतलं एक निवडायची वेळ त्याच्यावर आली, आणि त्याबद्दल बोलायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं. त्या वर्षी आम्ही परिपाठात स्त्री-पुरुष समानतेवर पूर्ण आठवडा घेतला होता.

सर: पेटी हलव.

शिक्षिका: हलवली. ग्रंथालयाच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली, मुलींच्या बाजूला आणखी एक लावली. आता चिठ्ठ्या येतात. बहुतेक पंख्याच्या आणि पाण्याच्या असतात, पण येतात. एकीत लिहिलं होतं, 'मला नाव सांगायचं नाही, पण तुम्ही आमच्या बाकाकडे लक्ष द्या.' मी दिलं. पण एवढ्याने पुरणार नाही, सर. त्या मुलाशी मला बोलावं लागलं. दोन-तीन वेळा. मित्राला वाचवायचं म्हणजे काय, तो आणखी खड्ड्यात जात असताना गप्प बसणं का, असं बरंच काही. पेटीची जागा तुमच्या बाजूची, हे बोलणं माझ्या बाजूचं.

सर: बोलणं मी कधी नको म्हटलं? साठ मुलांसमोर माईकवरून बोलणं नको म्हणतो.

शिक्षिका: ते ठीक. मग आता आराखड्यातलं काय राहिलं ते बघू. गुण काढले. फळ्यावरचं नाव काढलं. चिठ्ठी ठेवली. झाडूची पाळी नव्याने. परिपाठ माझा, त्यात मी गोष्टी बदलते. बिनगुणांची चाचणी नववी 'ब'मध्ये. ढाल मात्र संस्थेने करायला टाकली आहे. ती वर्गाला देऊ का? ज्या वर्गाने वर्षभर नीट सांभाळलं त्याला?

सर: मला तेही पटत नाही. वर्गाला दिली की जो मुलगा मागे पडतो त्याच्यावर वर्ग तुटून पडेल. तुझ्यामुळे ढाल गेली, असं म्हणतील.

शिक्षिका: आणि एकट्याला दिली की बाकीचे हात झटकतील. यावर आपलं जमायचं नाही आज. पण खरी भीती मला ढालीची नाही, तोंडी परीक्षेच्या गुणांची आहे. बैठकीत मी हा विषय काढला की म्हणतील, बाकीच्यांना खोटं ठरवायला निघाली ही.

सर: म्हणून गुणांचा विषय काढूच नकोस. वेळापत्रकाचा काढ. जुलैपासून दहावीच्या दोन्ही तुकड्यांना तोंडी कामासाठी आठवड्याला दोन तासिका हव्यात, एवढीच मागणी ठेव. हिंदी आणि इंग्रजीच्या शिक्षकांना आधी घरी जाऊन भेट, त्यांनाही त्या तासिका लागतील. तिघं मिळून मागितलंत तर कुणी एकटं उठून दिसणार नाही.

शिक्षिका: तासिका आणायच्या कुठून? वेळापत्रक भरलेलं आहे.

सर: एक गणिताची घे. आताच्या गणिताच्या सरांशी मी बोलतो, उद्याच.